ओटा फोडला आणि भाव वाढला!

जुना ओटा फोडून चार दिवस झाले होते. शेगडी मागच्या गॅलरीत, डाळी-तांदळाचे डबे पलंगाखाली, भांडी दोन पिंपांत आणि मी जमिनीवर बसून पोळ्या लाटत होते. अशा वेळी फोन वाजला. किचनच्या दुकानातला तो तरुण मालक बोलत होता.

"काकू, एक सांगायचं होतं. कंपनीनं रेट वाढवलेत. आपल्या कामाला पंधरा टक्के जास्त पडतील. तुम्ही हो म्हणा, म्हणजे लगेच माल मागवतो."

पोळी तव्यावर तशीच राहिली आणि करपली. पंधरा टक्के म्हणजे किती, हे मनातल्या मनात मांडायला मला वेळ लागला नाही. सगळं काम ठरलं होतं दोन लाख रुपयांत, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६,००० रुपये. त्यातले निम्मे, १,१८,००० रुपये, आम्ही आधीच भरले होते. आता वर ३५,४०० रुपये आणखी!

मैत्रिणींनो, हे पैसे काही आभाळातून पडलेले नव्हते. सात वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेऊन आणि दोन भिश्या चालवून मी ते साठवले होते. अठ्ठावीस वर्षं कडप्प्याच्या फळ्यांवर संसार केला, आता एकदा मनासारखं स्वयंपाकघर करू, अशी हौस. शिवाय मुलीला सातवा महिना होता. ती बाळंतपणाला साताऱ्याला माझ्याकडे यायची होती. तिच्या येण्याआधी घर लागायला हवं होतं. दुकानदारालाही हे सगळं मीच कौतुकानं सांगून ठेवलेलं!

हे संध्याकाळी घरी आले. ऐकून म्हणाले, "अगं, जाऊ दे. महागाई सगळीकडेच आहे. आता ओटा फोडून बसलोय, करणार काय? देऊन टाकू."

मीही "हो" म्हणणारच होते. पण सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "अगं, देशील ते दे. पण आधी विचार तरी. किती वाढला, कधीपासून वाढला आणि कशावर वाढला?"

सासूबाईंचं लग्नाआधीचं आयुष्य मुंबईत गोरेगावात गेलं. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तो काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. तेल, साखर, रॉकेल, ज्या वस्तूचा भाव वाढे तिच्याबद्दल बायका थेट जाब विचारत. "आम्हाला कुणी वकिली शिकवली नव्हती," त्या म्हणाल्या, "पण विचारायची लाज वाटायची नाही."

ते तीन प्रश्न मी वहीत लिहून काढले. पुढे जे घडलं त्यातून मला जे समजलं, ते तुम्हाला सांगते आहे. नवं स्वयंपाकघर करायला निघालेल्या कुणा तरी बहिणीच्या उपयोगी पडेल.

भाव खरंच वाढतात का?

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. भाव खरंच वाढतात. दरवेळी दुकानदार खोटंच बोलतो असं नाही. आपल्या कपाटांचं प्लायवूड बरंचसं उत्तरेकडून येतं. हरियाणातलं यमुनानगर हे त्याचं मोठं केंद्र. शेतकऱ्यांनी लावलेल्या पॉप्लर आणि निलगिरीच्या झाडांपासून ते करतात. लाकूड कमी आलं की भाव चढतो. प्लायवूडचे थर ज्या डिंकानं चिकटवतात, तो रसायनांपासून होतो आणि त्या रसायनांचं नातं खनिज तेलाशी. तेल महागलं की डिंक महागतो आणि ट्रकचं भाडंही. मंद बंद होणाऱ्या बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल पुष्कळदा परदेशी बनावटीचे असतात. रुपया घसरला की त्यांची किंमत वाढते.

पण यातच आपल्या प्रश्नाचं उत्तरही आहे. स्वयंपाकघर ही एक वस्तू नव्हे. त्यात प्लायवूड आहे, वरचं लॅमिनेट आहे, ट्रॉल्या आणि बिजागऱ्या आहेत, ग्रॅनाइट आहे आणि सुताराची मजुरी आहे. या सगळ्यांचे भाव एकाच दिवशी, एकाच मापानं कसे वाढतील? डाळ महागली म्हणून वाणी मिठाचेही जास्त पैसे लावू लागला, तर आपण चालवून घेऊ का? मग इथंच का गप्प बसायचं?

फोनवर "हो" म्हणू नका

दुसऱ्या दिवशी मी दुकानात फोन केला. भांडले नाही. एवढंच म्हटलं, "तुमचं म्हणणं ऐकलं. कशावर किती वाढ झाली ते मला कागदावर लिहून द्या. जुना भाव आणि नवा भाव शेजारी शेजारी. मग आम्ही घरात विचार करून सांगतो."

तो जरा घुटमळला. "काकू, विश्वास नाही का?" असंही म्हणाला. मी म्हटलं, "विश्वास आहे म्हणून तर निम्मे पैसे आधी दिले. आता हिशेब द्या."

फोनवर दिलेला होकार पुढे "तुम्हीच तर हो म्हणालात" म्हणून आपल्याच गळ्यात येतो. तेव्हा कितीही घाई दाखवली, "आज नाही सांगितलं तर उद्या आणखी वाढेल" असं म्हटलं, तरी एक दिवस मागून घ्या. आणि जे बोलणं होईल ते त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून पाठवा: "आज आपण असे म्हणालात, आम्ही अद्याप वाढ मान्य केलेली नाही." त्यात उद्धटपणा काही नाही. दुधाचा रतीब आपण कॅलेंडरवर लिहून ठेवतो, तसंच हे.

पंधरा टक्क्यांचे झाले काय?

दोन दिवसांनी कागद आला. आमचं मूळ अंदाजपत्रक एका ओळीचं होतं: "मॉड्युलर किचन, संपूर्ण, दोन लाख." माझी पहिली चूक तीच. आता फोड करून मागितल्यावर कळलं ते असं:

प्लायवूड आणि लॅमिनेट – १,००,००० रुपये
ट्रॉल्या, चॅनेल, बिजागऱ्या – ५५,००० रुपये
ग्रॅनाइट – २५,००० रुपये
मजुरी आणि बसवणे – २०,००० रुपये

हा कागद घेऊन आम्ही दोघं दुकानात गेलो. मी एकेका ओळीवर बोट ठेवून तेच तीन प्रश्न विचारले.

ट्रॉल्या आणि बिजागऱ्या? त्याचं बिल पाहिलं तर आम्ही पैसे भरले त्याच आठवड्यातलं. माल केव्हाच गोदामात येऊन पडलेला. म्हणजे जुन्या भावानं घेतलेला. त्यावर वाढ कसली? ग्रॅनाइट? आम्हीच पसंत करून आलो होतो, दगडवाल्याला दुकानदारानं पैसेही चुकते केले होते. मजुरी? सुतार तेच, मजुरी तीच. राहिलं प्लायवूड. त्याच्या व्यापाऱ्याची दोन दरपत्रकं त्यानं दाखवली. जुनं आणि नवं. तिथं मात्र वाढ खरी होती, दहा टक्के.

एक लाखाचे दहा टक्के म्हणजे १०,००० रुपये. जीएसटी धरून ११,८००. कुठं ३५,४०० आणि कुठं ११,८००!

"मग पंधरा टक्के आले कुठून?" यांनी विचारलं.

"साहेब, सगळेच पंधरा सांगतायत सध्या," तो खाली बघत म्हणाला.

बायांनो, तो काही लबाड माणूस नव्हता. नवा धंदा, डोक्यावर कर्ज, पुढे आणखी भाव वाढतील ही धास्ती. म्हणून त्यानं आपल्या भीतीचाही भाव आमच्या बिलात लावला होता. पण त्याच्या भीतीचे पैसे आपण का द्यायचे?

"पंधरा दिवस वैध" म्हणजे काय?

बोलताना त्यानं एक मुद्दा काढला. "काकू, अंदाजपत्रकावर लिहिलंय, दर पंधरा दिवस वैध. आता महिना होऊन गेला."

पुष्कळ जणी इथं गप्प बसतात. मीही बसले असते, पण आमच्या शेजारच्या वकीलकाकांनी आदल्या रात्रीच समजावून सांगितलं होतं. ती मुदत आपण होकार कळवण्याची असते. पंधरा दिवसांच्या आत आपण "करा" म्हटलं आणि त्यानं आगाऊ रक्कम घेतली, की भाव ठरला. तो करार झाला. त्यानंतर एकट्याच्या मर्जीनं त्यात बदल होत नाही, दोघांची संमती लागते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, तेव्हापासूनची ही गोष्ट.

मात्र कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात "बाजारभावाप्रमाणे दर बदलू शकतील" असं छापलेलं असेल आणि त्याखाली आपली सही असेल, तर आपली बाजू लंगडी पडते. म्हणून सही करण्याआधी ती ओळ शोधा. ती खोडून घ्या. दुकानदार अगदीच तयार नसेल, तर तिच्याखाली हातानं लिहून घ्या: "वाढ पाच टक्क्यांहून जास्त नाही, वाढीचे बिल दाखवावे लागेल आणि वाढ मान्य नसल्यास आगाऊ रक्कम पूर्ण परत."

कराची गोष्ट थोडी निराळी. सौदा ठरल्यानंतर सरकारनंच कर वाढवला, तर १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे विक्रेता ती वाढ लावू शकतो, करारात वेगळं ठरलं नसेल तर. पण हे दुहेरी आहे. कर उतरला तर तेवढी रक्कम कमी करून मागण्याचा हक्क आपलाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा किती जणींनी गवंड्याच्या बिलात ते पाहिलं?

आमचीही चूक होतीच

आता खरं सांगायचं तर सगळा दोष दुकानदारावर टाकून चालणार नव्हतं. पैसे भरल्यानंतर आठवड्यात ओटा फोडून शेवटची मापं द्यायची, असं आम्हीच कबूल केलं होतं. पण आमचा गवंडी गावच्या जत्रेला गेला तो तीन आठवडे फिरकलाच नाही. तोवर मापं नाहीत, मापं नाहीत म्हणून प्लायवूड घेतलं नाही, आणि मधल्या काळात भाव वाढला.

यावर वकीलकाका म्हणाले होते, "कागदावर तुम्ही काहीही देणं लागत नाही. पण काम त्याच्याकडूनच करून घ्यायचंय, आणि उशीर तुमचा आहे. विचार करा."

आम्ही विचार केला. प्लायवूडची वाढ निम्मी निम्मी वाटून घ्यायची ठरली. आमच्या वाट्याला आले पाच हजार आणि वर जीएसटी, एकूण ५,९०० रुपये. ते मी दिले आणि मनात काही न ठेवता दिले. दुकानदारालाही त्यात अन्याय वाटला नाही. त्यानंच नव्या कागदावर "यापुढे कोणतीही वाढ नाही" असं लिहून सही केली.

पण या निमित्तानं एक गोष्ट कळली. प्लायवूडचे तक्ते आठ फूट बाय चार फूट अशा ठरीव मापात येतात. स्वयंपाकघर दोन इंच इकडे-तिकडे झालं, तरी तक्ता तोच. तेव्हा शेवटच्या मापांसाठी थांबण्याची गरजच नव्हती! आगाऊ रक्कम देतानाच सांगायचं, "या पैशातून आधी प्लायवूड आणि लॅमिनेट घेऊन ठेवा आणि बिलाची प्रत पाठवा." दुकानदाराचा खर्च त्या दिवशीच्या भावानं बांधला जातो आणि आपलीही काळजी मिटते.

छुपी भाववाढ

उघड मागितलेली वाढ एक वेळ परवडली. न सांगता केलेली वाढ जास्त महाग पडते. ती दोन वाटांनी येते.

एक म्हणजे माल हलका घालायचा. भाव तोच, पण ठरलेल्या पाणीरोधक प्लायवूडऐवजी साधं. सिंकखालच्या कपाटात ते दोन पावसाळ्यांत फुगतं. तक्त्यावर आयएसआयचा शिक्का आणि क्रमांक छापलेला असतो. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारं. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण, त्यातही बीडब्ल्यूआर ही जात एमआरपेक्षा बरी. कापण्याआधी तक्ता पाहा, शिक्क्याचा फोटो काढा. शिक्क्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासता येतो. ट्रॉल्यांचं स्टील ३०४ ठरलं असेल, तर बिलावर ३०४ लिहून घ्या. लोहचुंबक लावून पाहण्याची परीक्षा पुरेशी नाही, कारण २०२ नंबरच्या स्वस्त स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही.

दुसरी वाट मापाची. समजा ओटा इंग्रजी एलच्या आकाराचा आहे. एक भिंत दहा फूट, दुसरी सात. दुकानदार मोजतो सतरा फूट. पण कोपऱ्यातले दोन फूट दोन्हीकडून धरले गेले. खरी लांबी पंधरा. ओट्याखालच्या कपाटाची उंची पावणेतीन फूट धरली, तर साडेपाच चौरस फूट जास्त मोजले. चौरस फुटाला १,४०० रुपये दर असेल, तर ७,७०० रुपये नुसत्या कोपऱ्याचे! कोपऱ्यातल्या कपाटाला काम जास्त लागतं, म्हणून काही जण असं मोजतात. ते मान्य असेल तर ठीक, पण आधी विचारून घ्या. मापं घातलेला नकाशा मागा आणि घरच्या टेपनं स्वतः मोजा. ओटा फोडल्यावर मापं इंच-दोन इंच बदलतील. पण चौरस फुटाचा दर बदलता कामा नये.

पैसे देताना

निम्मे पैसे एकदम देऊन बसलो, ही माझी दुसरी चूक. आता कुणी विचारलं तर मी सांगते, चार हप्ते करा. ठरवताना दहा टक्के, प्लायवूड घेऊन त्याचं बिल दाखवल्यावर चाळीस, माल घरी आल्यावर चाळीस, आणि सगळे ड्रॉवर नीट सरकतात, दारं सरळ लागतात हे पाहिल्यावर शेवटचे दहा. ते शेवटचे दहा टक्के हातात असेपर्यंत आपला फोन लगेच उचलला जातो.

"बिल नको घेऊ, जीएसटी वाचेल" या मोहात पडू नका. बिल नसेल तर आपण काय ठरवलं आणि किती दिलं याचा पुरावाच राहत नाही. रोख देण्यापेक्षा बँकेतून द्या.

आणि दुकानदारानं ऐकलंच नाही तर? ठरलेल्या भावात काम करा किंवा पैसे परत करा, असं पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, मुदत घाला आणि प्रत जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथं तक्रार नोंदवता येते. त्यानंही भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. वकील दिलाच पाहिजे असं नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. तिथवर जायची वेळ शक्यतो येऊ नये. पण दार उघडं आहे हे माहीत असलं, की बोलताना आपला आवाज कापत नाही.

आणि शेवटी

स्वयंपाकघर पूर्ण व्हायला ठरल्यापेक्षा बारा दिवस जास्त लागले. पण मुलगी आली तेव्हा ओटा तयार होता. पहिल्या दिवशी मी डिंकाचे लाडू वळायला घेतले, तर ती कौतुकानं एकेक ड्रॉवर उघडून बघत होती. सासूबाईंना मात्र ट्रॉल्यांचं फारसं अप्रूप नाही. त्यांचं लाटणं ठेवायला हाताशी जागा हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. ओट्याच्या उजव्या हाताचा वरचा ड्रॉवर त्यांना दिला आहे.

वाचलेल्या २९,५०० रुपयांचं काय केलं, असं कुणी विचारेल. ते बँकेत ठेवलेत, येणाऱ्या बाळाच्या नावानं. परवा दुकानदाराचा फोन आला होता. माझं काळीज क्षणभर लकाकलं, आता आणखी काय वाढलं! तर तो म्हणाला, "काकू, एक गिऱ्हाईक आलंय. तुमचं किचन दाखवायला आणू का?"

"आणा की," मी म्हटलं. "पण त्यांना अंदाजपत्रक फोड करून द्या हं."